राखेतला पेनड्राइव्ह

मडक्यात वालाचे एकशे ब्याण्णव दाणे, अडीच मुठी राख, कडुलिंबाची अकरा सुकलेली पानं आणि मी. मित्रांनो, मी आठ जीबीचा एक जुना पेनड्राइव्ह आहे. या मडक्यात मी तीन वर्षं काढली.

त्याआधी फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर मी संजयच्या ट्रॅक्टरमध्ये गाणी वाजवायचो. नांगरणी चालू असली, की बांधावरून लोक ओरडायचे, "वाजव रे तुहा डब्बा!" तेच माझं कौतुक. एकदा संजयच्या मुलीने, अंजूने, बिजलीबाईंचा ढावलो मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि माझ्यात उतरवला. ढावलो म्हणजे बंजारा नवरीने सासरी निघताना रडत गायचं गाणं. तो अख्खा येणाऱ्या तांड्यात त्या एकट्याच उरल्या होत्या. पुढे अंजूचा मोबाईल विहिरीत पडला आणि त्याच वर्षी बिजलीबाई वारल्या. त्यांचा आवाज फक्त माझ्याजवळ राहिला.

संजय एक दिवस म्हणाला, "जुनं सारं पुसून नवी गाणी भरतो." ते त्याच्या आईने, बसंतीबाईंनी ऐकलं. बिजलीबाई त्यांच्या मोठ्या जाऊ. त्यांनी मला गुपचूप काढलं आणि बियाणं ठेवतात तसं राखेत पुरलं.

वालाला राख मानवते, मला नाही. ती दमट हवेतलं पाणी ओढून घेते. तीन पावसाळ्यांत माझ्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला.

अंजू यवतमाळला बी. एस्सी. झाली आणि तिचं लग्न ठरलं. आठ दिवस उरले तेव्हा तिने विचारलं, "दादी, मोठ्या दादीचा ढावलो कुठी आहे? मले शिकाचा आहे."

बसंतीबाईंनी मडकं सुपात उपडं केलं. संजयने आईकडे बघत कपाळाला हात लावला.

"याडी, पेनड्राइव्ह राखेत ठेवते का कोनी?"

"तूच तं पुसून राह्यला होता! कीड लागू नये म्हणून ठेवला."

"त्याले कीड नाही लागत, गंज लागते!"

अंजूने मला लॅपटॉपला लावलं. काहीच दिसलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग ती खोडरबराने माझ्या पट्ट्या हलक्या हाताने घासत बसली. बसंतीबाईंना बघवेना. त्या म्हणाल्या, "येवढ्याशा पोटात बिजली मावली तरी कशी वं?"

अंजूने सुपातच आठ जागा आखल्या. "दाणा असला तं एक, जागा रिकामी असली तं शून्य. उजवीकडून पहिल्या जागेची किंमत एक. मंग दर जागेले दुप्पट. दोन, चार, आठ, अशी एकशे अठ्ठावीसपर्यंत." तिने चौसष्ट, आठ आणि चारच्या जागी एकेक दाणा ठेवला. "कर बेरीज."

"श्याहत्तर. अवं, हे तं माहं वय!"

"आवाज बी असाच. सेकंदाले हजारो वेळा मोजाचा अन् दर खेपेचा आकडा असा मांडाचा. फक्त याच्यात दाणे नाहीत. बारीक बारीक कोठ्या आहेत. कोठीत वीज कोंडली आहे का नाही, त्याच्यावरून शून्य-एक ओळखतात. लई वर्षं पडून राह्यलं, की वीज गळते."

"मंग बियाण्यासारखंच," बसंतीबाई म्हणाल्या. "राखेत किती बी जप, पेरलं नाही तं एक दिवस उगवतच नाही."

अंजूने खोडरबर पुन्हा उचललं. "हो दादी. नव्यानं उतरवूनच घ्या लागते."

तिसऱ्यांदा लॅपटॉपने मला ओळखलं. ढावलो पाच मिनिटं अठरा सेकंदांचा होता. त्यातल्या सात सेकंदांत नुसती खरखर उरली होती. बिजलीबाईंचा आवाज आला तसा बसंतीबाईंनी पदर तोंडावर घेतला. पुन्हा लावल्यावर ती खरखर आली, तेव्हा गेलेली ओळ त्यांनीच म्हटली. "मले ढावलो येत नाही," असं जन्मभर सांगणाऱ्या बाईला ती नेमकी येत होती.

मित्रांनो, मला राखेत ठेवू नका, पण बसंतीबाईंचं ऐका. मला वर्षातून एकदा तरी बाहेर काढा, आत काय आहे ते पाहा आणि आणखी दोन ठिकाणी उतरवून घ्या. कोणाचाही आवाज माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका.

बिजलीबाईंचा आणि लग्नाच्या दिवशी अंजूने गायलेला, असे दोन्ही ढावलो आता माझ्यात आहेत, संजयच्या मोबाईलमध्ये आहेत आणि लॅपटॉपमध्येही आहेत. अंजूच्या ढावलोची लांबी तिन्हीकडे सारखीच: सहा मिनिटं चार सेकंद.