प्रेस शॉपच्या खांबावरचा फोन

मी एक्स्टेंशन दोनशे सतरा बोलतोय. चितेगावच्या एका कारखान्यातल्या प्रेस शॉपचा फोन. माझ्या अंगावर दोन माणसांचं रक्त आहे आणि ते पुसायची कुणाला परवानगी नाही, कारण आता मी मुद्देमाल आहे. पोलीस ठाण्याच्या या खोलीत माझ्या एका बाजूला कोयता पडलाय आणि दुसऱ्या बाजूला मोटारसायकलची चेन. माझ्या गळ्यातल्या पुठ्ठ्याच्या लेबलवर लिहिलंय, ‘आरोपीने वापरलेले हत्यार’. लिहिणाऱ्याने खोटं लिहिलेलं नाही, पण अर्धंच लिहिलंय. उरलेलं मी सांगतो.

साच्यातून निघालो तेव्हा मी बोलण्याच्या कामासाठी निघालो होतो. आमच्या रिसिव्हरच्या पोटात लोखंडाची एक पट्टी बसवतात. हलका रिसिव्हर माणसाला खेळण्यातला वाटतो, हाताला जरा जड लागला की बरं वाटतं, म्हणून ती पट्टी. तिचा दुसराही उपयोग होतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

कारखान्यात आम्ही ऐंशी फोन होतो. स्टोअर, क्वालिटी, डिस्पॅच, कँटीन, गेट, साहेबांच्या केबिन. सगळ्यांच्या तारा एका डब्यात जायच्या आणि त्या डब्याचा मोठा फोन रिसेप्शनवर रत्नमालाबाईंच्या समोर असायचा. मला मिळाली प्रेस शॉपमधली जागा, चार नंबरच्या प्रेसशेजारचा लोखंडी खांब. दीडशे टनांचा प्रेस दिवसभर पत्र्यावर आदळायचा आणि प्रत्येक फटक्याला माझ्या आतले स्क्रू हलायचे.

कामगारांचे मोबाइल गेटवर जमा करून घेत. कुणीतरी नव्या पार्टचा फोटो काढून बाहेर पाठवला होता, तेव्हापासूनचा तो नियम. माझ्यावरून बाहेरचा नंबर लागायचा नाही, कामगार गावाकडं बोलत बसतील म्हणून. पण कुणाचं काही अडत नव्हतं. रिसिव्हर उचलायचा, नऊ दाबायचं, की पलीकडं रत्नमालाबाई. त्यांना आवाजावरून माणूस कळायचा. "आप्पा, तेल संपलं का? देते स्टोअर." मशीन बंद पडलं की त्या शेडमधल्या भोंग्यांवरून ओरडायच्या, "मेंटेनन्स! प्रेस शॉप, चार नंबर!" आणि दोन मिनिटांत माणूस पाना घेऊन हजर. त्यामुळे झालं असं, की शॉपमधल्या एकाही माणसाला दुसरा कुठलाच नंबर पाठ नव्हता. नऊ दाबलं की काम होतं, मग बाकीचे आकडे कशाला लक्षात ठेवायचे?

चार नंबरवर बिभीषण काम करायचा. कन्नड तालुक्याकडचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, घरी दोन एकर कोरडवाहू आणि आई दगडाबाई. ही माय रोज दुपारी कंपनीत फोन करायची आणि रत्नमालाबाई तो मला जोडून द्यायच्या. "जेवला का रं? डबा सगळा खाल्ला का?" एवढंच विचारायची. बिभीषण शरमायचा आणि शेजारी उभे असलेले आप्पा हसायचे. आप्पा शॉपमधले सगळ्यांत जुने ऑपरेटर. वाडवडील मेंढरं राखायचे, आप्पांनी तीस वर्षं प्रेस राखले. त्यांच्या दहाही बोटांवर त्यांना भारी गर्व होता. नव्या पोराला ते आधी बोटं मोजून दाखवायचे आणि मग कामाला लावायचे.

शिफ्टचे इन्चार्ज राजेंद्रसाहेब. त्यांचा राग मला पुरेपूर ठाऊक आहे, कारण तो सगळ्यांत आधी माझ्यावर निघायचा. बोलणं संपलं की रिसिव्हर ठेवायचा नाही, आदळायचा. एकदा माझं कोपऱ्याचं प्लास्टिक उडालं, ते त्यांनी बुटाने प्रेसखाली सारलं. एका हेल्परच्या कानाखाली त्यांनी माझ्यासमोरच वाजवली होती आणि पोरगा गाल धरून कामाला लागला होता. पण वरून त्यांना येणाऱ्या शिव्याही मीच पोचवायचो. "आज पीस कमी कसे?" या एका प्रश्नाने त्या माणसाचं माथं रोज तापायचं.

पीस कमी पडायचं कारण सेन्सर होता. प्रेसच्या तोंडाशी हात गेला की सेन्सर मशीन थांबवतो. त्याने दिवसातून वीसदा थांबवलं की दोनशे पीस गेले. म्हणून राजेंद्रसाहेबांनी पॅनलमध्ये एक तांबडी वायर लावून घेतली होती. वायर लावली की सेन्सर आंधळा. तपासणीवाले आले की काढायची, त्यांची गाडी पैठण रोडला लागली की परत लावायची. सगळ्या शॉपला माहीत होतं. आप्पा एकदा म्हणालेही, "साहेब, हे बरं नाय." साहेब म्हणाले, "आप्पा, तुम्हाला गेटवर बसायचंय का?" आप्पा गप्प बसले. ते गप्प बसणं त्यांना पुढं फार जड गेलं.

मग नवी यंत्रणा आली. तिला मी उगाच नावं ठेवणार नाही. साहेब पुण्यात असोत की चिकलठाण्याला विमानाच्या रांगेत, टेबलावर आलेला फोन त्यांच्या खिशात वाजायचा. गिऱ्हाइकाचा एक कॉल हुकत नव्हता. एका वेळी दहा माणसं बोलू शकत. कुणी, कधी, कुठं फोन लावला याची नोंद आपोआप राहायची. अपघातासाठी वेगळा आकडासुद्धा दिला होता, तीनदा एक. त्याचं इंग्रजी परिपत्रक ऑफिसच्या बोर्डावर लागलं. ऑफिसपासून प्रेस शॉप दोनशे पावलं. तेवढी पावलं चालून तो कागद कुणी आणला नाही.

रत्नमालाबाईंना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. नऊ दाबलं की आता एक गोड मशिनबाई बोलायची. "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. विक्रीसाठी एक दाबा, खरेदीसाठी दोन..." असं करत करत शेवटी, "हे पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा." दगडाबाई तिच्याशी भांडली म्हणे. "अगं बये, किती बोलतीस? माझ्या बिभीषणला बोलीव की!" बिभीषणने हे आप्पांना सांगितलं तेव्हा दोघं पोट धरून हसले. त्यानंतर दगडाबाईचा फोन माझ्यापर्यंत कधी आला नाही.

तो मंगळवार होता. दुपारी चारला चहाची सुट्टी झाली. राजेंद्रसाहेबांनी माझ्यावरून आप्पांना सांगितलं, "दोनशे पीस राहिलेत. तुम्ही आणि बिभीषण मागून चहा घ्या." बाकीचे कँटीनला गेले. शेडमध्ये ते दोघंच उरले.

डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, एक पीस वाकडा अडकला. बिभीषणने उजवा हात आत घातला. पाय पेडलवर होता, तो दबला गेला. सेन्सर आंधळा होता. दीडशे टन खाली आले.

नेहमीचा आवाज पत्र्याचा असतो, हा वेगळा होता. प्रेस तिथंच अडकून बसला आणि बिभीषणचा हात मनगटापर्यंत आत. रक्ताची चिळकांडी उडाली ती माझ्यावर आली. आकड्यांच्या फटींतून आत गेली. पोरगा आधी ओरडलाच नाही. त्याने आत गेलेल्या हाताकडं पाहिलं आणि मग असा ओरडला, की मी इतकी वर्षं माणसांचे आवाज वाहिले, पण तसला आवाज कधी ऐकला नव्हता.

आप्पांनी धावत येऊन बटण बंद केलं. बिभीषणचे गुडघे सुटले होते. तो खाली बसला असता तर हात तिथंच राहिला असता आणि बाकीचा माणूस सुटा झाला असता. म्हणून आप्पांनी त्याला खांद्यावर तोलून धरला. सोडून धावत जायची सोय नव्हती. ओरडले, पण ऐकायला शेडमध्ये कुणी नव्हतं. उजवा हात तेवढा मोकळा होता आणि हातभर अंतरावर मी होतो.

आप्पांनी रिसिव्हर मानेत धरला आणि नऊ दाबलं.

"नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे..."

"बाई, पोराचा हात गेला! माणसं धाडा!" आप्पा तिच्यावर ओरडले. ती विक्री, खरेदी, लेखा सांगत राहिली. त्यांनी परत नऊ दाबलं. ती पहिल्यापासून सुरू झाली. परत नऊ. परत नमस्कार. बोटं रक्ताने घसरत होती. "रत्नमालाबाई, ऐका की वो!" असंही एकदा ओरडले. बाई घरी गेल्या आहेत हे त्या घडीला त्यांच्या ध्यानातच नव्हतं. बिभीषण त्यांच्या गळ्यात तोंड खुपसून कण्हत होता, "आप्पा, काढा वो... आप्पा..."

माझ्या पोटात स्टोअरची तार होती, गेटची होती, साहेबांच्या खिशापर्यंतची होती. सगळा कारखाना माझ्या पोटात होता आणि मी त्या म्हाताऱ्याला एकच बाई ऐकवत होतो. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

चहा पिऊन माणसं आली. पुढं राजेंद्रसाहेब. त्यांनी दारातून सगळं पाहिलं, रक्त पाहिलं, लोंबणारा पोरगा पाहिला. आणि ते पॅनलकडं धावले. "आधी वायर काढा! बाहेरचं कुणी यायच्या आत वायर काढा!" स्वतःच्या हाताने पॅनलचं दार उघडून त्यांनी तांबडी वायर ओढली आणि खिशात घातली.

आप्पांनी बिभीषणला दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. मग माझा रिसिव्हर ओढला. वेटोळ्याची वायर ताणली आणि तुटली. पहिला फटका राजेंद्रसाहेबांच्या कपाळावर बसला, कातडी फाटली. दुसरा गालावर, आत हाड मोडलेलं मला कळलं. खोटं कशाला बोलू, हे दोन्ही फटके मला हवे होते. इतकी वर्षं मलाच आदळलं होतं त्याने. तिसरा मात्र नको होता. साहेब तेव्हा खाली पडलेले होते आणि तोंडावर हात घेऊन "आप्पा, नको" म्हणत होते. आप्पांनी तो हात बाजूला करून मारला.

माणसांनी पहार घालून प्रेसचं चाक उलटं फिरवलं. एकजण गेटवर पळाला, तिथून गाडी आली. दवाखान्यात बिभीषणचा हात मनगटापासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर तीन बोटं गेली असती, हात वाचला असता. हे आप्पांना पोलीस कोठडीत कळलं. शिपाई सांगत होता, की त्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं.

आप्पांवर जबर दुखापतीचा गुन्हा लागला. राजेंद्रसाहेबांचा जबाब असा, की आप्पांची जुनी खुन्नस होती. वायर सापडली नाही. शॉपमधल्या बाकीच्यांनी नोकरीच्या भीतीने लिहून दिलं, की आम्ही काही पाहिलं नाही. फोनच्या नोंदी मागितल्या तर कंपनीने कळवलं, नव्वद दिवसांनी त्या आपोआप पुसल्या जातात. बिभीषणला कंपनीने रिसेप्शनवर बसवलं, डाव्या हाताने फोन घ्यायला. पगार पहिल्यापेक्षा जास्त. त्या खुर्चीची अट काय होती हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. आता आप्पांना वाचवणारं एकच तोंड उरलं होतं आणि त्या तोंडात कंपनीचा घास होता.

मागच्या महिन्यात मला कोर्टात नेलं. पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. बिभीषण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता, उजवी बाही मुडपून पिन लावलेली. मागच्या बाकावर कंपनीचे मॅनेजर बसले होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीने कशानं मारलं?"

"ह्या फोननं."

"किती वेळा?"

"तीनदा."

आप्पांनी मान खाली घातली. मीही आशा सोडली. मग आप्पांचे वकील उठले. "त्याआधी आरोपी काय करत होता?"

बिभीषणने मॅनेजरकडं पाहिलं. जज्जसाहेबांनी पंखा कमी करायला सांगितला, इतकं बारीक तो बोलला.

"मला धरून उभा होता साहेब. आन् फोन लावत होता."

"कुणी उचलला?"

"कुणीच नाय. मशिनची बाई बोलायची. आप्पांनी अकरा डाव नऊ दाबलं. मी मोजत होतो. मला दुसरं करायला काय होतं?"

"राजेंद्र आले तेव्हा?"

"साहेब आले आन् पॅनलकडं गेले. वायर काढून खिशात घातली." त्याने मुडपलेली बाही डाव्या हाताने धरली. "माझ्याकडं नाय आले. मी हाका मारत होतो, माझ्याकडं नाय आले."

मॅनेजर उठून बाहेर गेले. सोमवारी बिभीषणची खुर्ची गेली, हे इथल्या हवालदारांच्या बोलण्यातून कळलं. निकाल अजून लागायचा आहे.

माझं आयुष्य संपलं. निकालानंतर मला तोडून भंगारात घालतील, घालू देत. पण तुमच्याकडं माझ्यासारखे फोन असतील, माझ्याहून शहाणे असतील, तर एक करा. आज कामावर गेलात की जिथं मशीन चालतं त्या भिंतीवरचा फोन उचला आणि पलीकडं कोण बोलतं ते ऐका. तिथं माणूस नसेल तर आधी माणूस बसवा, मग मशीन चालू करा. आणि जज्जसाहेब, आप्पांना शिक्षा द्यायची तर तिसऱ्या फटक्याची द्या. पहिले दोन माझ्या नावावर लिहा.