चौथा थर

खड्ड्यातून भसाभस वाफ निघाली आणि माळावरची गर्दी हात जोडून मागे सरकली. खड्डा गुडघाभर, ओतलेलं पाणी तांब्याभर. मागच्या फ्लेक्सवर कांदा कापावा तशी कापलेली पृथ्वी.

"चौथा थर उघडला!" भूगर्भबाबा गरजले. "धरणीच्या पोटात आग हाय, हे सायन्सवालेबी मानत्यात. सात थर, सात बैठका. मधीच कोन उठलं, तर उघडा थर आजाऱ्याला गिळतो!"

या एका धमकीनं भागिरथी जागेवर खिळली होती. मांडीवरची धनश्री तापानं फणफणलेली, श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. दवाखाना हवा, हे आईला कळत होतं. पण चार थर उघडून उठायचं कसं? भीतीनं तिचं डोकंच चालेना.

तेवढ्यात शाळेच्या दमयंतीबाई जीप घेऊन आल्या. "भागिरथी, ऊठ! पोरीचे ओठ निळे पडलेत."

"तीनच थर ऱ्हायल्यात, बाई. पाया पडते, मोडू नका."

बाईंनी खड्ड्याच्या काठावरचा पांढरा चिखल निरखला आणि सरळ बाबांच्या आसनाखालचं पोतं ओढलं. "भस्म व्हशील!" बाबा किंचाळले. पोत्यातले पांढरे खडे बाईंनी खड्ड्याशेजारच्या घमेल्यात टाकले, सगळ्यांना लांब केलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं. घमेलं फसफसलं. तीच वाफ निघाली.

"कळीचा चुना. भिंतींना लावायला भिजवतो तोच. पाणी लागलं की तापतो. पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे, खरंय. पण वरचं कवच, मग प्रावरण, मग गाभा. आपल्या पायाखालचं नुसतं कवचच पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड आहे. गुडघाभर खड्ड्यात कुठला थर उघडतोय? उलट चुन्याची ही वाफ आजारी छातीत गेली, तर जीव जाईल!"

"म्हंजी थर उघडलेच न्हाईत?" भागिरथीनं विचारलं.

"एकही नाही."

बाबा चपला शोधू लागले. भागिरथीला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण तेवढाही वेळ उरला नव्हता. पोरीला छातीशी धरून ती जीपकडे धावली. वाटेत, रांगेत तान्हं पोर घेतलेली शुभांगी अजून तशीच बसून होती. भागिरथी तिच्यापाशी थबकली.

"शुभे, गेल्या उन्हाळ्यात नव्या विहिरीच्या तळातनं दगड आपुनच वाहिले ना? तिथं पायाला चटका बसला का?"

"न्हाई. गार हुतं."

"एवढ्या खोल गार, आन् याच्या गुडघ्याखाली आग? आपुन इचारलंच न्हाई गं! माझ्या पोरीचं काय हुईल, ठाव न्हाई. तुझं पोर उचल. जीपमधी जागा हाय."