झडपेचं बटण

आप्पासो सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण हुकूम सोडायचं काम त्यांनी घरी येऊनही चालूच ठेवलं. पलटणीत त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या होत्या. त्यामुळे अख्ख्या कराड तालुक्यात आपल्याएवढं इंजिन कुणाला कळत नाही, असं प्रशस्तिपत्रक त्यांनी स्वतःच स्वतःला देऊन टाकलं होतं. आणि अशा माणसाच्या दारातली जुनी गाडी चढ दिसला की धापा टाकत होती.

तशी ती टाकत बसली असती तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण लेक सृष्टी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि आता तान्ह्या लेकीला घेऊन तिला तासगावला सासरी जायचं होतं. बाळंतीण बापाच्या गाडीतून पोचवायची, ही दोन्ही घरांची रीत. सृष्टीचे सासरे दादासो म्हणजे बेदाण्याच्या शेडांचे मालक. त्यांनी फोन करून मोठ्या मायेनं विचारलं, "पाव्हणं, आमची मोठी गाडी धाडू का? तुमची घाट चढंल न चढंल."

त्या मायेनं आप्पासोंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आमचीच गाडी येणार. सुर्ली घाट न थांबता चढवून आणतो," असं ठणकावून त्यांनी फोन ठेवला आणि बॉनेट उघडलं. ते पुढं पंधरा-वीस दिवस मिटलंच नाही.

रोग लगेच सापडला. या गाडीच्या इंजिनाला हवा घ्यायला दोन वाटा. सावकाश ओढायचं असेल तेव्हा लांबची, जोरात पळायचं असेल तेव्हा जवळची. मध्ये एक झडप, बंद केली की लांबची वाट, उघडली की जवळची, आणि ती फिरवायला एक छोटी मोटार. ती मोटार मेली होती आणि झडप उघडीच अडकली होती, म्हणून चढाला ताकद मिळत नव्हती. शोरूममधल्या साहेबांनी गळ्यातला टाय नीट करत सांगितलं, की मोटार सुटी मिळत नाही, सगळा संचच घ्यावा लागेल. संचाची किंमत ऐकून आप्पासोंनी एवढंच विचारलं, "ह्यात गाभण म्हस बी येती का?"

मग त्यांनी भंगारातून एका व्हॅनच्या दाराचं लॉक वरखाली करणारी मोटार उचलून आणली. पत्र्याची पट्टी वाकवून ती इंजिनाशेजारी आवळली आणि सायकलच्या स्पोकनं झडपेला जोडली. कंपनीच्या गाडीत झडप कधी फिरवायची ते कॉम्प्युटर ठरवतो. कॉम्प्युटरशी आप्पासोंचं जन्माचं वाकडं. त्यांनी काच वरखाली करायचं एक जुनं बटण लांब वायर लावून गाडीत घेतलं. वर दाबलं की झडप बंद, खाली दाबलं की उघडी. राहता राहिला प्रश्न दाबणार कोण याचा, कारण घाटात ड्रायव्हरचे दोन्ही हात गुंतलेले.

"सृष्टे, तू बसायचंस फुडं," आप्पासोंनी हुकूम काढला. "मी काशन देणार, म्हंजी तोंडी हुकूम, तू बटण दाबायचं. पलटणीत असंच आसतंय."

या सगळ्या दिवसांत सृष्टी बाळाला खांद्यावर टाकून गाडीपाशी येऊन उभी राहायची. "आप्पा, तितं गेल्यावर..." अशी सुरुवात करायची.

"तितवर आरामात जाती बघ," बॉनेटमधून उत्तर यायचं.

एकदा त्यांची बायको हरणाबाई वैतागली. "आवं, पोरगी काय म्हणती ते आयका जरा!"

"आयकतोय की," आप्पासो म्हणाले आणि त्यांनी कान इंजिनाला लावला.

निघायच्या दिवशी बॉनेटला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला. हरणाबाई नातीला घेऊन मागं बसल्या, सृष्टी पुढं, बटण हातात. ओगलेवाडीच्या चढाला आप्पासो गरजले, "बंद!" खट् झालं आणि गाडीनं चढ मुकाट्यानं ओढला. सपाटीला "उघड!" की पुन्हा खट्, आणि गाडी पळाली. आप्पासोंचा हात आपोआप मिशीवर गेला. दादासोंचा चेहरा कसा पडेल, हे ते मनातल्या मनात बघायला लागले.

घाट लागला. "बंद!" आप्पासो ओरडले. गाडी ढेपाळली. मागून दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न देऊन वाट मागितली, आणि पुढं जाताना तो वळून बघून हसलाही. आप्पासोंनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. "दाब वर! आता खाली!" मोटार खटाखट चालली. गाडी निघाली, पुढच्या वळणाला पुन्हा तेच. पुन्हा बॉनेट, पुन्हा मोटार ठणठणीत.

तिसऱ्या वेळी गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले नाहीत. काशन दिल्यावर खट् झालंच नव्हतं, हे आता कुठं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी शेजारी बघितलं. सृष्टीचा अंगठा बटणाच्या बाजूला नुसता पडला होता.

"बाळा, बंद म्हणलं की वर दाबायचं."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मला एवढ्यात न्हाई जायचं, आप्पा." तिनं समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. "मुलगी झाली म्हणून बारशाला कोण आलं न्हाई. आता बेदाणा सुरू झालाय, शेडवरच्या माणसांच्या भाकरी थापायला बाई पायजे, म्हणून बोलावणं आलंय. अजून मला उभं ऱ्हायलं की चक्कर येती."

"आन् जावई?"

"त्ये वडलांम्होरं तोंड उघडत न्हाईत. तुमास्नी लय येळा सांगाय आले, आप्पा. तुमी गाडीतच."

मागं हरणाबाईंनी नातीचं दुपटं नीट केलं. त्या बोलल्या असत्या तर आप्पासोंना बरं वाटलं असतं. इंजिनाला धाप का लागते, हे शोधायला त्यांनी दिवसच्या दिवस घातले होते, आणि शेजारी उभ्या लेकीकडं मान वर करून बघितलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठं लपवावी हे कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. दादासो.

"काय पाव्हणं, कुटवर? का घाटानं धरलं?"

आप्पासोंनी एकदा लेकीकडं बघितलं आणि घसा साफ केला. "धरलं. गाडी चढंना. आमचं जुगाड फसलं."

पलीकडून खदाखदा हसणं आलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तासगावच्या शेडाशेडांतून फिरणार, हे आप्पासोंना ठाऊक होतं. "मी म्हणलंच हुतं!" दादासो म्हणाले. "थांबा तितंच, आमची गाडी धाडतो."

"नगा धाडू. लेक बापाच्याच गाडीतनं पोचवायची, आपली रीत हाय. गाडी नीट झाली की मीच आणून सोडतो."

"कवा हुईल नीट?"

"कंपनीचा पार्ट मागवायचाय," आप्पासो म्हणाले आणि एका हातानं स्टिअरिंग कराडकडं वळवायला लागले. "परदेशातनं येतोय. बोटीनं."