उपटायचे फुटवे

माझी बायको स्तेफा झाडांशी बोलते. एखाददुसरा शब्द नव्हे, पाणी घालता घालता चांगला अर्धा तास. मी गवत कापणारा माणूस. माझी हिरवळ बघून शेजारी जळतात, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमच्या या दोन सवयींमुळेच सगळा घोळ झाला.

रानगुलाबाचं आमच्या कॅनडातल्या अल्बर्टात कुणाला अप्रूप नाही. इथे गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्याचं नाव असतं. पण स्तेफाला हवा होता तो तिच्या आईच्या कुंपणावरचा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पाम्पुश्की, म्हणजे आमचे युक्रेनी गोड वडे, तळायच्या, तर त्यांच्या पोटात त्याच गुलाबाच्या पाकळ्या साखरेत वाटून भरायच्या, असा तिच्या माहेरचा नेम. पुढे ते शेत विकलं गेलं. नवा मालक कुंपण मोडणार हे कळताच ही बया तिकडे जाऊन ओंजळभर लाल फळं तोडून घेऊन आली. बिया ओल्या वाळूत घालून तळघरात ठेवल्या. पहिला हिवाळा गेला, कोंब नाही. मी म्हटलं, "आता ती वाळूच तळ." दुसऱ्या हिवाळ्यानंतर बारा बिया उगवल्या. वर्षभर तिनं त्यांना कुंड्यांत जपलं आणि मग मे महिन्यात बोटभर उंचीची बारा रोपं हिरवळीच्या कडेला लावली. ओळ अर्थातच वाकडी.

जुलैत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एडमंटनला मुलीकडे दहा दिवस राहायचं ठरलं. निघताना म्हणाली, "ओरेस्त, माझ्या रोपांना पाणी घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी इमानेइतबारे पाणी घातलं. ते गवतानंही पिऊन घेतलं आणि गवत रोपांच्या डोक्यावर गेलं. नवव्या दिवशी, ती यायच्या आत अंगण लख्ख दिसावं म्हणून मी गवत कापायच्या यंत्रावर बसलो आणि ते थेट कडेपर्यंत नेलं. मागे वळून पाहिलं तर सगळं सपाट. तिच्या आईचं आता जगात एवढंच उरलं होतं.

फोन करताच माझा मित्र वासिल धावत आला. म्हणाला, "खरं सांगून मोकळा हो."

"तू स्तेफाला ओळखत नाहीस."

"ओळखतो, म्हणूनच सांगतोय."

तरी त्याच्याच गाडीतून नर्सरीत गेलो. रानगुलाबाची बारा रोपं आणली आणि कात्रीनं कापून बोटभर केली. जुन्या जागी गवताच्या मुळांनी माती घट्ट धरली होती, म्हणून वीतभर पुढे, दोरी ताणून, गुडघे टेकून लावली. गुडघ्यांनी त्यानंतर आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

स्तेफा आली, एका डोळ्यावर झाकण. वाकून बघितलं आणि म्हणाली, "दहा दिवसांत बघ कशी जोमदार झालीत. आईचीच आहेत, तिच्यासारखीच चिवट." मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा टाकू?"

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसायची. आता डोळ्याला किती स्वच्छ दिसतंय ते सांगायची, मुलीच्या नव्या नोकरीचं सांगायची. कधी आवाज खाली करायची, तेव्हा विषय मी असणार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला हे दिसायचं. ती परक्यांना आईची रोपं म्हणत होती आणि ते तिलाच ठाऊक नव्हतं. किती वेळा वाटलं, जाऊन सांगावं. तेवढ्यात ती हसायची आणि मी घरातच राहायचो.

पुढच्या मे महिन्यात माझ्या सरळ ओळीच्या मागे, वाकड्या ओळीत, तांबूस कोंब वर आले. वरून कापलं होतं, पण मुळं जिवंत होती. मी मोजले. नऊ.

दुसऱ्याच दिवशी ते स्तेफालाही दिसले. "हे आगंतुक कुठून आले? आईच्या रोपांचं पाणी पितील. खणून टाक बघू."

मी कुदळ आणली. पहिल्या कोंबाशी उभा राहिलो. एक घाव घातला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. मला ते जमलं नाही.

"स्तेफा, आगंतुक हे नाहीत," मी म्हणालो. "ते पुढचे आहेत."

मग सगळं सांगितलं. यंत्र, नर्सरी, कात्रीसुद्धा. ती खाली बसली आणि एकेका कोंबाला बोट लावत गेली.

"तीन गेली," ती म्हणाली.

"हो."

"आणि वर्षभर तू मला बोलू दिलंस."

"भ्यालो होतो."

"मला?"

"तुला रडताना बघायला."

तिनं नाक पुसलं. राग होताच. तो मला त्या आठवड्यात तीन वेळच्या करपलेल्या बटाट्यांतून पोचला. पण त्या क्षणी मला काहीतरी भरपाई करायची घाई झाली होती. मी कुदळ उचलून पुढच्या ओळीकडे वळलो. म्हटलं, "ही काढून टाकतो. तुझ्या आईच्या रोपांना जागा होईल."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "वर्षभर यांना मी सगळं सांगितलंय. डोळ्याचं, मुलीचं, तुझं. घरातलं एवढं माहीत असलेल्यांना आता कुठे बाहेर घालवतोस?"

"माझं काय सांगितलंस?"

"ते त्यांनाच विचार," ती म्हणाली. "आणि यापुढे त्यांना पाणी तूच घालायचं."

त्या संध्याकाळी मी झारी घेऊन पुढच्या ओळीपाशी गेलो. ती मागच्या ओळीपाशी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहून मी पहिल्या रोपाला माझं नाव सांगितलं.