जहाज वळतं ते पान

घरात सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत, आणि चाळिशी उलटली तरी ते नाव सुटलं नव्हतं. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून आलेल्या मापावरून प्लॅस्टरचा साचा करायचा, मेणात हिरडी घडवायची, शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवून नवा दात बसवायचा. हात इतका बसलेला, की कवळी घालणाऱ्याच्या बायकोलाही संशय येऊ नये.

आणि वेड मात्र अस्सल कॉमिक्सचं.

"दिवसभर नकली दात करतेस, आणि पुस्तकं तेवढी पहिल्या छपाईची हवीत होय?" शेजारच्या टेबलावरचा कारागीर चिडवायचा.

"नकली कसं करतात ते ठाऊक आहे, म्हणूनच," ती म्हणायची.

ती जमवायची ती एकच मालिका, ‘कप्तान चिमणी’. फुग्याचं जहाज उडवणारी एक मुलगी आणि तिचा मेकॅनिक आजोबा. लहानपणी घरात या अंकांची चवड होती. धाकटीला अजून वाचता येत नव्हतं. ताई तिला कुशीत घेऊन वाचून दाखवायची. ताई तरी कितीशी मोठी, सहावीत असेल. त्याच वर्षी आई दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. पुढे वडिलांनी घर बदललं, तेव्हा जे रद्दीत गेलं त्यात चिमणीही गेली.

मोठेपणी धाकटीने एकेक अंक पुन्हा मिळवला. राहिला तो फक्त शेवटचा, आणि नेमका तोच तिला तोंडपाठ होता. जहाज बर्फाच्या बेटावर अडकतं. दोघांचं वजन त्याला पेलवत नाही, म्हणून आजोबा गुपचूप उतरतो. जहाज वर जातं, लहान लहान होत ठिपक्याएवढं होतं. मग चिमणी जहाज वळवते. त्याला उचलून घेते, आणि तो तिच्यावरच खेकसतो, "एवढा उशीर? इंजिन गार पडलं ना!" या वाक्याला ती अंथरुणात गडाबडा लोळायची, हे तिला स्वच्छ आठवत होतं.

एक दिवस जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या काकांनी तिच्यापुढे एक जाडजूड पुस्तक ठेवलं. कप्तान चिमणीचे सगळे अंक, नव्याने छापलेले, गुळगुळीत कागदावर.

"घे. सुटलीस एकदाची," काका म्हणाले.

तिने उभ्याउभ्याच शेवट काढला. बर्फ, आजोबा, आकाशातला ठिपका. खाली चिमणीचे शब्द होते, "आजोबा, येते मी. सांभाळून राहा." आणि समाप्त.

"काका, यात पान गाळलंय."

"असेल. नव्या छपाईत करतात काटछाट. रंगसुद्धा बदललेत बघ." काकांनी चष्मा पुसला. "हे बघ पोरी, वाचायचं असेल तर नवं घ्यावं, जपायचं असेल तर जुनं. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नये."

तिने नवं पुस्तक घेतलं, पण जुन्याचा ध्यास सोडला नाही. उलट आता तिला कारण मिळालं होतं. ते पान कुठेतरी होतं.

पुढे एका म्हाताऱ्या न्हाव्याने दुकान बंद केलं. गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर वर्षानुवर्षं पडलेले अंक काकांकडे आले, आणि काकांनी तिला फोन केला. ती लॅबमधून अर्ध्या कामावरून उठली. बोटांना प्लॅस्टर तसंच होतं. काकांनी आधी हात धुवायला लावले.

मुखपृष्ठ फाटलेलं, पिना गंजलेल्या, कागद पिवळा पडलेला. धाकटीने शेवटचं पान उलटलं.

बर्फ. ठिपका. "आजोबा, येते मी. सांभाळून राहा."

तिने पुन्हा पहिल्यापासून पानं चाळली. काकांनी अंक हातात घेऊन पिनांपाशी नीट पाहिलं. "पूर्ण आहे गं. इथून काही निघालेलं नाही."

"मग मला आठवतं ते?"

काकांनी अंक कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला.

ताई दुसऱ्या गावी लाँड्री चालवायची. फोनवर तिच्याशी बोलणं म्हणजे मशीनच्या घरघरीशी बोलणं. दोघींचे फोनही हल्ली तब्येत आणि हवापाणी यांच्यापुढे जात नसत. सुट्टीच्या दिवशी धाकटी दोन्ही पुस्तकं घेऊन थेट तिच्या दारात उभी राहिली.

"अगंबाई! सगळं ठीक ना?" ताई इस्त्रीवरून उठली. केस वाफेने कपाळाला चिकटले होते.

"ठीक आहे. ताई, चिमणी आजोबांना आणायला परत जाते ना?"

"जाते की."

"पुस्तकात नाही जात."

धाकटीने अंक पुढे केला. ताईने अंक हातभर लांब धरून ते पान वाचलं, मग मागे कोरं मलपृष्ठ उलटून पाहिलं.

"पहिल्यांदा जसं होतं तसंच वाचलं होतं गं," ती म्हणाली. "तू दोन दिवस धड जेवली नाहीस. सारखी दारात जाऊन बसायचीस. बाबांना तर काही सुचतच नव्हतं. मग मी वळवलं जहाज. पुढे इतक्यांदा वळवलं, की मलाही वाटायला लागलं, तसंच छापलंय."

"परत वाच ना. तसंच."

ताई खुर्चीत टेकली. तिने सुरुवात केली, बर्फापर्यंत आली, ठिपक्यापर्यंत आली, आणि अडखळली. "मग... मग ती वळते. आणि तो काहीतरी बोलायचा ना? रागवायचा. काय बरं?" तिने मान हलवली. "नाही गं आठवत. गेलं डोक्यातून."

इतकी वर्षं ती कपाटं, गोदामं, रद्दीचे ढीग धुंडाळत होती, आणि जे हवं होतं ते या एका बाईच्या तोंडात होतं. आता तिथेही नव्हतं.

"दोन्ही तूच ठेव," धाकटी म्हणाली.

"जुनं नको बाई, धुळीने शिंका येतात. तुझ्या कपाटात असू दे. हे नवं ठेवते, अक्षर ठळक आहे." ताईने पुस्तक इस्त्री केलेल्या कपड्यांवर ठेवलं. मग हात पुसत आत गेली, आणि घरघरणारी मशीन बंद करून परत आली.

"सांग," ती म्हणाली. "काय म्हणायचा तो?"

धाकटीने सांगायला सुरुवात केली. उतरणारा आजोबा, वर जाणारं जहाज, मग सुकाणू गरकन फिरवणारी चिमणी. तिला आपलाच आवाज ऐकू येत होता, ताईचा तो जुना नव्हे, आणि तरी ती सांगत राहिली. ताई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. धाकटी क्षणभर थांबली, तशी ताई पुढे वाकली.

"मग?"