दोन शेक

आईच्या घशावर किरणांचे उपचार सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत तिच्या तोंडाची चव गेली. दवाखान्यात त्या उपचारांना सगळे ‘शेक’ म्हणत. “आज शेक कसा झाला?” असं एकमेकांना विचारत, जणू कंबर दुखते म्हणून गरम पाण्याची पिशवी लावून आलेत. चव नुसती गेली असती तरी चाललं असतं. पण आईला प्रत्येक घास पितळेचा चमचा चाटल्यासारखा लागायचा. सूप पितळ, मऊ भात पितळ, केळंसुद्धा पितळ. जन्मभर शिवणाचे वर्ग चालवलेली, कुणाचं ऐकून न घेणारी बाई आता ताट आलं की भिंतीकडे तोंड करायची.

तिची लेक शहरातली बस चालवायची. स्टॉपवरची माणसं तिला ड्रायव्हरबाई म्हणत. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. “वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. घशाखाली जे उतरेल ते द्या. पथ्यपाणी नंतर बघू.”

तिच्या बसच्या शेवटच्या स्टॉपसमोर एक बर्गरचं दुकान होतं. त्या महिन्यात तिथे नवा जांभळा शेक आला होता. थोडेच दिवस मिळणार असं काचेवर लिहिलेलं. ड्युटी संपल्यावर तिने सहज एक मोठा ग्लास घेतला आणि घरी नेला.

आईने नाक मुरडलं. “हा काय रंग आहे? शाई विकत आणलीस?”

“एक घोट घे फक्त. नाही आवडला तर मी पिते.”

आईने घोट घेतला. मग दुसरा. मग ग्लास दोन्ही हातांत धरला. “अगं,” ती हळूच म्हणाली, “हे गोड लागतंय.”

ड्रायव्हरबाई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

त्या दिवसापासून रोज एक ग्लास यायला लागला. आईची जीभही परतली, म्हणजे बोलायची. “सकाळी एक शेक दवाखान्यात, संध्याकाळी एक शेक घरी. दोन शेकांवर चाललंय माझं.”

पण तेवढ्यात कुणीतरी इंटरनेटवर एक गंमत सुरू केली. जांभळा शेक प्यायचा, डोळे फिरवायचे, आणि तोंडातून जांभळा ओघळ गाळत मेल्यासारखं आडवं पडायचं. बघता बघता सगळीकडे तेच. दुकानासमोर रांग वळणापर्यंत गेली. फुटपाथवर रोज पोरं मरून पडलेली, आणि शेक संध्याकाळच्या आतच संपलेला.

एके दिवशी ड्रायव्हरबाई बराच वेळ रांगेत उभी राहिली आणि तिच्या पुढच्याच मुलीने शेवटचा ग्लास घेतला. कपाळावर झिपऱ्या आलेली कॉलेजातली मुलगी. ती बाहेर आली, एक घोट प्याली आणि उरलेला ग्लास स्वतःच्या अंगावर ओतायला लागली. मैत्रीण मोबाइल धरून उभी.

“अगं, ओतू नकोस!” ड्रायव्हरबाईच्या तोंडून किंकाळीच निघाली. “माझी आई त्याच्यावर जगतेय!”

सगळे हसले. गणवेशातली बाई, हात पसरलेले, रडवेला चेहरा. तोही व्हिडिओ झाला. ‘शेकवर जगणारी आई’ म्हणून तो घरोघरी गेला. दुसऱ्या दिवशी कंडक्टरने बिचकतच दाखवला, “बाई, ह्या तुम्हीच ना?” तिला गाडीखाली शिरावंसं वाटलं.

दोन दिवसांनी तीच झिपरी बसमध्ये चढली आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत उतरलीच नाही. बस रिकामी झाल्यावर पुढे येऊन उभी राहिली. हातात झाकण लावलेला ग्लास.

“काकू, मी व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर लोकांनी पुढे पाठवला होता.” तिने ग्लास पुढे केला. “तुमची आई खरंच...?”

“खरंच,” ड्रायव्हरबाई म्हणाली. मग तिला राग धरवेना. “चल घरी. तूच दे तिला.”

आईने झिपरीला आपादमस्तक न्याहाळलं. “तूच का ती, अंगावर ओतणारी? बस.” मग तिने ग्लास घेतला, दोन मोठे घोट प्याली, आणि एकाएकी तिचे डोळे फिरले. मान लटकली. ओठाच्या कोपऱ्यातून जांभळा ओघळ उशीवर उतरला.

झिपरी किंचाळली. ड्रायव्हरबाई पलंगाकडे धावली.

आईने एक डोळा उघडला. “झालं का शूटिंग?”

ड्रायव्हरबाई जमिनीवर बसली आणि पोट धरून हसत सुटली. झिपरी हसत होती की रडत होती, तिलाच कळेना. आजारपण घरात शिरल्यापासून त्या खोलीत हसण्याचा आवाज झाला नव्हता.

पुढे झिपरी आणि तिच्या मैत्रिणी पाळीपाळीने दुपारी रांगेत उभ्या राहायच्या. कुणासाठी ते कळल्यावर रांगेतले लोकही “जा पुढे” म्हणायचे. दुकानाची मॅनेजर, गळ्यात साखळीचा चष्मा अडकवलेली जाडजूड बाई, तिच्याही कानावर गेलं. ती फार बोलणारी नव्हती. पण शेक बंद व्हायचा दिवस आला तेव्हा तिने ड्रायव्हरबाईला मागच्या दारी बोलावलं आणि जांभळ्या सिरपच्या दोन बाटल्या हातात ठेवल्या.

“वरच्या ऑफिसला विचारून देतेय, घाबरू नका. साध्या व्हॅनिला आइस्क्रीममध्ये घाला, दूध थंडगार घ्या. आणि मिक्सर जास्त वेळ फिरवू नका, पातळ होतं.”

“ताई, तुमचे उपकार कसे...”

“आई बरी झाली की घेऊन या. तेवढं पुरे.”

बाटल्या पुरल्या. उपचार संपले, नळी घालावी लागली नाही. चव मात्र सावकाश परत आली, रुसलेल्या पाहुण्यासारखी. आधी खारट कळलं, मग आंबट. एका सकाळी आई ओरडली, “चहात साखर किती घातलीस गं?” आणि लेकीने चहाचं भांडं तसंच ठेवून तिला मिठी मारली.

बरं वाटल्यावर आई इस्त्रीची साडी नेसून बर्गरच्या दुकानात गेली. रांग कधीच ओसरली होती. इंटरनेटवर आता दुसरंच काही चाललं होतं. मॅनेजर काउंटरमागून बाहेर आली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात पुसत समोर बसली. आईने वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. पण तिने नुसता मॅनेजरचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

“काय खाणार?” मॅनेजरने विचारलं.

“सगळं,” आई म्हणाली.