शीलाबाईंचा तास

मोहने गावच्या शाळेत रचनाला अभ्यासक्रम प्रमुख केलं, तेव्हा तिच्या आईने, रमाबाईंनी, चाळभर पेढे वाटले. रचना मात्र त्या दिवसापासून धास्तावलेली होती.

नव्या प्रमुखांचं प्रशिक्षण ठाण्याला होतं. तिथल्या देवयानी मॅडम गोड बोलायच्या, पण काम कठीण द्यायच्या. "आपल्या शाळेत एका सहकाऱ्याच्या तासाला मागे बसा. मध्ये बोलायचं नाही. नंतर मोकळेपणी बोला. मी ऐकायला येईन." मुख्याध्यापकांनी रचनासाठी तास निवडला तो नेमका शीलाबाईंचा. सहावीचं गणित.

शीलाबाईंनी लहानपणी रचनालाही शिकवलेलं, याच शाळेत. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की वर्ग चिडीचूप व्हायचा. आता त्यांच्यासोबत नोकरी करतानाही स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरची खुर्ची रचना टाळायची.

"अजून घाबरतेस त्यांना?" डबा भरताना रमाबाई म्हणाल्या. "आता तू मोठी मॅडम ना!"

"मॅडम कसली गं आई, हात बघ माझे."

आईने हात धरले. बर्फासारखे गार होते.

देवयानी मॅडमसोबत ती वर्गात मागे बसली. फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. "समजलं?" शीलाबाईंनी विचारलं. "हो बाई!" सगळी मुलं एका सुरात. रचनाच्याही ओठांवर ते आलं, तिने दात आवळले.

तेवढ्यात तिचं लक्ष शेजारच्या रांगेतल्या सान्वीकडे गेलं. पोरगी पाय घट्ट जुळवून बसलेली, चेहरा घामाघूम. हात अर्धा वर करायची, बाई वळल्या की खाली घ्यायची. तिला बाहेर जायचं होतं आणि विचारायची छाती होत नव्हती.

मध्ये बोलायचं नाही, असं ठरलेलं. पण रचनाला राहवेना. ती उठली. बाक करकरला, अख्खा वर्ग मागे वळला.

"बाई, सान्वीला बाहेर जायचंय."

"तू खाली बस," शीलाबाई शांतपणे म्हणाल्या.

आणि रचना बसली. आपण कोण, किती वर्षांच्या, काही सुचलं नाही. सान्वीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा रचना पुन्हा उठली, पुढे गेली, पोरीचा हात धरला आणि तिला बाहेर घेऊन गेली. बाईंकडे बघायची हिंमत तिला झाली नाही.

तास संपल्यावर तिघी स्टाफरूममध्ये बसल्या.

"माझ्या वर्गातून तू माझ्या परवानगीशिवाय मुलगी नेलीस," शीलाबाई म्हणाल्या. "शिस्त होती म्हणून तुम्ही मुलं शिकलात. तू स्वतःच बघ, आज कुठे आहेस."

देवयानी मॅडम मदतीला येतील म्हणून रचनाने पाहिलं, पण त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या.

"बाई, हा भागाकार मला तेव्हा कळलाच नव्हता. बी.एड.ला गेल्यावर कळला. मी पण 'हो बाई' म्हणायचे. मुलं घाबरतात तुम्हाला. मला आत्तासुद्धा भीती वाटतेय."

शीलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठून गेल्या.

"मी जास्त बोलले का?" रचनाने विचारलं.

"माहीत नाही," देवयानी मॅडम म्हणाल्या. "पण खरं बोललीस. आता पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याच तासाला बस."

पुढचे दिवस रचनाने जीव मुठीत धरून काढले. शीलाबाई तिच्याशी बोलेनात. मुख्याध्यापकांकडे तक्रार गेल्याची कुजबुज होती. शिपाई राकेश नुसता दारात आला तरी तिला धस्स व्हायचं. पद काढून घेतलं तर आईला काय सांगायचं, या विचाराने तिला घास जाईना.

ठरलेल्या दिवशी शीलाबाई वर्गाच्या दाराबाहेरच तिची वाट बघत उभ्या होत्या. रचनाची पाचावर धारण बसली.

"आज देवयानीबाई नाहीत?"

"नाही, बाई."

शीलाबाईंनी आत एक नजर टाकली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "काय चुकलं ते तास संपल्यावर मला सांग. पण एकटीला. त्या दिवशीसारखं परक्या माणसासमोर नको. मला रात्रभर झोप नव्हती."

त्यांच्या आवाजात कंप होता. रचनाने तो पहिल्यांदाच ऐकला.

"बरं, बाई," ती म्हणाली आणि मागच्या बाकाकडे निघाली. हात अजून गारच होते.